घरी शिकणाऱ्या मुलांचा ऑनलाइन लेखनवर्ग : जून ते डिसेंबरच्या नोंदी

२४ जून

बॅच ठरली एकदाची. आठ मुलं, वयं ८ पासून १४ पर्यंत, सगळी घरीच शिकणारी. नागपूरची चार, मनीषनगर, प्रतापनगर, कामठी रोड आणि अंबाझरी लेआउट, मग एक अमरावतीचा, एक वर्ध्याजवळची, एक पुण्याची आणि एक मस्कतचा. नोंदीत मुलांची नावं लिहिणार नाही, गावावरूनच लिहीन, पालकांशी तसं बोलणं झालंय. मंगळवार-शुक्रवार दुपारी ४. मस्कतला तेव्हा अडीच वाजलेले असतात, म्हणजे नुकतं जेवण झालेलं, पण त्याची आई म्हणाली चालेल ताई, तसाही तो दुपारी झोपत नाही. गूगल मीटवर फुकटात तीन जण झाले की ६० मिनिटांनी कॉल बंद पडतो, आपल्याला तेवढा वेळ लागणारच नाही, ४५ मिनिटं बस, आणि त्यातली २० मिनिटं सगळे माइक बंद करून नुसतं लिहिणार.

शाळांसोबत सुरू करायची आपल्याला खरं तर काही गरज नाही, पण विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या शेवटी उघडतात त्याला कारण आहे. मे महिन्यात ट्रायल घेतली होती तेव्हा चारही नागपूरकरांकडे कूलर सुरू आणि मीटवर त्या घरघरीशिवाय काही म्हणजे काही ऐकू येईना.

पालकांच्या बैठकीत एका बाबांनी पहिलाच प्रश्न कायद्याचा विचारला. नातेवाईक सतत टोकतात की शिक्षण हक्क कायदा आहे ना, मग पोरगी घरी काहून. मी एवढंच सांगितलं की कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी, घरी शिकवण्याबद्दल त्यात वेगळं काही लिहिलेलं नाही, आणि दहावीला बसायचे रस्ते आहेत. त्यावर नंतर सविस्तर बसू. बाकी सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच होतं, "हा बोलतो भरपूर, पण लिहायला बसवलं की दोन ओळीत संपते."

२७ जून

पहिलं लेखन. विषय मुद्दाम सोपा दिला, रविवारी काय केलं ते लिहा. आठही वह्यांमध्ये "खूप मजा आली" आहे. कामठी रोडच्या मुलाचं (वय १०) पूर्ण उतरवून ठेवते कारण सगळं त्यात आहे (फुटाळा म्हणजे नागपुरातला तलाव) :

"आम्ही रविवारी फुटाळ्याला गेलो. खूप मजा आली. मग ते झालं आणि बाबा चिडले. मग आम्ही घरी आलो."

मी विचारलं ते म्हणजे काय रे, तर तो हसतच सुटला, आणि मागून आईचा आवाज, अहो ताई गाडीची चाबी डिक्कीतच राहिली आणि डिक्की लॉक, मग हे भावाला फोन करून दुसरी चाबी मागवून राहिले तोवर पाऊस आला, आम्ही सगळे त्या भुट्टेवाल्याच्या ताडपत्रीखाली, आणि भुट्टेवाला म्हणतो उभंच राहायचं असेल तर भुट्टे तरी घ्या. दोन मिनिटांत अख्खी गोष्ट सांगितली त्यांनी, आणि काय रंगवून सांगितली. पोराच्या वहीत त्यातलं एक अक्षर नाही. पण त्याच्या बाजूने बघितलं तर ते अगदी बरोबर आहे ना! त्याने ज्या माणसासाठी लिहिलं ती त्या ताडपत्रीखाली त्याच्या शेजारीच उभी होती, तिला "ते" म्हटलं की कळतं.

दिवसभर हेच डोक्यात आहे. घरी शिकणाऱ्या मुलांचं बाकी सगळं छान चाललेलं असतं, वेळ भरपूर, वाचन भरपूर, पण लिहिलेलं वाचतं कोण तर आई, कधीमधी बाबा, म्हणजे ज्यांना ते आधीपासून माहीत आहे अशीच माणसं. मग मुलाने कशाला लिहायचं सविस्तर? त्याला लिहिता येत नाही असं नाहीच, सांगावं लागेल असं समोर कोणी नाही. या वर्गाचं काम मग लेखन शिकवणं हे नंतरचं, आधी प्रत्येकाला एक वाचक मिळवून देणं, जो तिथे नव्हता.

४ जुलै

जोड्या लावल्या. नागपूरच्या मुलाची जोडी शक्यतो नागपूरबाहेरच्याशी. मनीषनगरची पुण्याच्या मुलीसोबत, कामठी रोडचा मस्कतच्या मुलासोबत, अंबाझरी लेआउटचा वर्ध्याजवळच्या मुलीसोबत, प्रतापनगरची अमरावतीच्या मुलासोबत. वाचणाऱ्याने तीन प्रश्न विचारायचे, बस. छान आहे म्हणायचं नाही, चुका दाखवायच्या नाहीत, जे कळलं नाही किंवा जे आणखी कळावंसं वाटलं तेवढंच विचारायचं, आणि लिहिणाऱ्याने तोंडी उत्तर द्यायचं नाही, पुढच्या मसुद्यात द्यायचं.

"छान आहे" बंद केल्यावर पोरं पहिल्यांदा गप्पच झाली, मोठ्यांना पण हे जड जातं. पण "छान" म्हटलं की बोलणं तिथेच संपतं, हे मी मोठ्यांच्या वर्गातही पाहिलंय.

व्यवस्था : लहान मुलं वहीतच लिहितील आणि आईच्या व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवतील. साधा फोटो पाठवला की पेन्सिलचं अक्षर पुसट होऊन वाचताच येत नाही, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा असं सगळ्या आयांना सांगितलं. मोठे दोघं गूगल डॉक्सवर, प्रश्न कमेंटमध्ये.

८ जुलै

वादळी पाऊस, इकडे लाइट गेली, अंबाझरी आणि प्रतापनगरवाले पण बाहेर. पुणे, मस्कत आणि अमरावतीने आपलं आपलं लिहिलं. वर्ग माझ्याशिवाय चालला हे ऐकून फार बरं वाटलं.

१८ जुलै

आजचा दिवस नीट लिहून ठेवायलाच पाहिजे. काम होतं कागदी होडीची कृती लिहायची. ती दुसऱ्याने कॅमेऱ्यासमोर, लिहिलंय तसंच, करायची, आणि लिहिणाऱ्याचा माइक बंद. वर्ध्याजवळच्या मुलीने (वय १२) लिहिलं, अमरावतीच्या मुलाने (वय ९) केलं.

तिची कृती : "कागद घ्या. अर्धा दुमडा. वरचे कोपरे दुमडा. खालची पट्टी वर करा. मग उघडा आणि ओढा. होडी तयार."

त्याने पेपरचं पान घेतलं आणि उभ्या बाजूने अर्धं केलं, लांबच लांब पट्टी झाली. वरचे कोपरे दुमडले, त्याचा झाला बाण. खालची पट्टी कोणती ते शोधून राहिला, सापडेना, मग त्याने स्वतःच ठरवून एक भाग वर केला आणि ओढला तर कागद टर्रकन फाटला. तिकडे ही बाई माइक बंद असताना हातवारे करकरून सांगतेय, अरे तसं नाही, खुर्चीवरून उठून उभी राहिली, आणि तो प्रामाणिकपणे म्हणाला, "ताई मी तर जे लिहिलंय तेच केलं." खरंच तेच केलं होतं.

मग तिने परत लिहिलं, २० मिनिटं मान वर नाही. दुसरी कृती अशी सुरू होते : "पेपरचं एकच पान घ्या, दोन जोडलेली नको. उभं धरा, म्हणजे उंची जास्त आणि रुंदी कमी. आता वरची कड खाली आणून खालच्या कडेवर टेकवा आणि घडी दाबा. आता घडी वर आहे आणि उघड्या कडा तुमच्या पोटाकडे आहेत. नसतील तर फिरवून घ्या." पोटाकडे! हे तिला कोणी शिकवलं नाही. करणारा डावं-उजवं चुकेल, पोट चुकणार नाही, हे तिने त्या फाटलेल्या कागदावरून काढलं. आणि "नसतील तर फिरवून घ्या" हे तर वाचणारा कुठे अडखळेल ते आधीच ओळखून लिहिलंय. दुसऱ्या वेळी होडी झाली, पहिल्या फटक्यात, आणि अमरावतीवाल्याने ती बादलीत सोडून दाखवली.

ही मुलगी सेवाग्रामपासून जवळच राहते. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली गेली, शिक्षण हाताच्या कामातून आणि मातृभाषेतून. त्यावर भाषणं पुष्कळ ऐकलीत मी, पण हाताने केलेलं काम लिहायला लावलं की भाषा किती झटकन नेमकी होते हे आज समोर बघितलं. यापुढे महिन्यातून एक तरी लेखन कृतीचं.

२९ जुलै

प्रतापनगरच्या आईशी फोनवर लांबलचक बोलणं. त्या वर्गात मुलीच्या बाजूलाच बसतात, मला स्क्रीनवर त्यांचं बोट दिसतं, वहीवर कुठे वेलांटी चुकली की बोट येतं आणि पोरगी रबर घेते. २० मिनिटांत चार ओळी होतात आणि त्या चारही ओळींत शोधूनही चूक सापडत नाही. मी म्हटलं पहिला मसुदा अमरावतीवाल्याने वाचेपर्यंत तुम्ही वाचायचाच नाही. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "ताई, चुका तशाच जाऊ द्यायच्या का? लोक आधीच म्हणतात घरी ठेवून पोरीचं नुकसान करून राहिलो."

यावर पटकन काही बोलता आलं नाही मला. हे ओझं शाळेत मूल घालणाऱ्या आईवर नसतं, तिथे चूक झाली तर शाळेची, इथे प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ आईच्या माथी. म्हणून ते बोट येतं, प्रेमापोटीच येतं. मी सांगितलं चुका जाणार नाहीत, दुरुस्ती होणारच आहे, पण शेवटी, मजकूर पूर्ण झाल्यावर. आत्ता ते बोट आलं की पोरगी "काय सांगायचं" हे सोडून "काय चुकेल" याच्यामागे लागते. ठरलं असं की वर्गाच्या वेळात त्या स्वयंपाकघरात बसतील आणि स्वतःही काहीतरी लिहितील, वाटलं तर मला पाठवतील.

१२ ऑगस्ट

शुद्धलेखनाचं आज पक्कं केलं. मराठी लेखनाचे नियम एकूण १८, १४ आले १९६२ मध्ये आणि ४ वाढले १९७२ मध्ये. अठराच्या अठरा एकदम मुलांच्या डोक्यावर टाकायचे नाहीत. तिसऱ्या मसुद्याला एकच नियम घ्यायचा आणि प्रत्येकाने स्वतःच्या मजकुरात तेवढाच तपासायचा. आज शेवटचा इकार-उकार दीर्घ, हा घेतला. "आणि" त्याला अपवाद आहे हे सांगितल्यावर सगळे आपापल्या वहीतले "आणि" शोधत बसले. कामठी रोडवाल्याच्या एका पानावर इतके निघाले की त्याने स्वतःच निम्मे खोडले आणि तिथे पूर्णविराम दिले! वाक्यं आपोआप आखूड झाली.

बोलीचं पण ठरवलं. माणसं बोलतात तिथे मुलांनी घरात बोलतात तसंच लिहायचं, "काहून बे", "मले नको", "येऊन राहिली", अवतरणचिन्हात जसंच्या तसं. बाकीचं निवेदन ज्याला जसं जमेल तसं. दोन पालकांना हे आवडलं नाही, सवय बिघडेल म्हणाले. माझं मत पक्कं आहे, आजीच्या तोंडी पुस्तकातली मराठी घातली की ती आजी त्या पोराची राहत नाही, आणि मुलाला स्वतःलाच ते लिहिताना कळतं. परीक्षेत कुठे काय लिहायचं ते वेगळं शिकवता येतं, शिकवू.

२६ ऑगस्ट

पोळ्याचा आठवडा झाला आणि सगळ्या नागपूरकरांचा विषय एकच. मनीषनगरच्या मुलीचा (वय ११) पहिला मसुदा :

"तान्ह्या पोळ्याला मी माझा बैल सजवला. आम्ही सगळ्यांकडे गेलो. मला खूप बोजारा मिळाला. मजा आली."

पुण्याच्या मुलीचे प्रश्न : बैल बिल्डिंगमध्ये कसा आणला? तो कोणाला मारत नाही का? तुम्ही शेतकरी आहात का? मस्कतवाल्याने पण मधे हात वर केला, बोजारा गोड असतो की तिखट?

मनीषनगरवाली थक्क. तिला वाटत होतं तान्हा पोळा सगळ्या जगात असतो! नागपुरात वाढलेल्या मुलाला कोण सांगणार की मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांनी लाकडी बैल घेऊन घरोघरी जायचं आणि पैसे, खाऊ गोळा करायचा ही विदर्भाकडची रीत आहे, भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली असं सांगतात. तिच्यासाठी ते श्वास घेण्याइतकं साधं. प्रश्न आले तेव्हा कुठे तिने आपल्या बैलाकडे नीट बघितलं.

दुसरा मसुदा दीड पान. त्यातलं थोडं : "माझा बैल लाकडाचा आहे आणि त्याला चार चाकं आहेत. तो बाबांचा होता, ते लहान असताना नागपूरच्या महाल भागात राहत होते तेव्हाचा. एक चाक करकर वाजतं म्हणून आजोबांनी खोबरेल तेल घातलं पण तरी वाजतं. त्याची झूल आजीच्या जुन्या साडीच्या काठाची आहे. आम्ही लिफ्टने सातव्या मजल्यावर गेलो आणि एकेक मजला उतरत आलो कारण पायऱ्यांवरून बैल चढवता येत नाही पण उतरवता येतो. बोजारा म्हणजे बैल दाखवला की लोक जे पैसे किंवा खाऊ देतात ते. वॉचमन काका म्हणाले माझ्या गावी खरा बैल आहे, आणि त्यांनी दहा रुपये दिले. मी नको म्हटलं तर ते म्हणाले बैलाला नाही म्हणू नये."

वाचून दाखवलं तेव्हा मीटवर कोणी हललं नाही. मस्कतवाला आता पुठ्ठ्याचा बैल करणार आहे, चाकांना बाटल्यांची झाकणं.

अंबाझरीच्या मुलाने (वय १४) मारबतीवर लिहिलं, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने नेऊन जाळतात त्या मोठ्या पुतळ्यांवर, गर्दीबद्दल चांगलं लिहिलं, पण वर्ध्याजवळच्या मुलीने विचारलं की जाळतात कोणाला आणि काहून, तिथे तो अडला. काळी-पिवळी मारबत लहानपणापासून बघतो, पण हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. मग शेजारच्या आजोबांना विचारायला गेला आणि येताना रोगराईची, इडा-पिडा घेऊन जाण्याची आरोळी, बडग्यांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या सोबतच्या पुतळ्यांवर, दरवर्षी नवे विषय कसे येतात, १८८० च्या दशकापासून हे चालत आलंय, असं बरंच घेऊन आला. वाचकाच्या एका प्रश्नासाठी १४ वर्षांचा मुलगा उठून शेजारी गेला, मी गृहपाठ दिला असता तर गेला असता असं वाटत नाही.

९ सप्टेंबर

अंबाझरीच्या त्याच मुलाकडून "पावसाळ्यातील एक दिवस" आला. धरित्रीने हिरवा शालू नेसला होता, मृद्गंधाने आसमंत दरवळला होता, पक्ष्यांची किलबिल, शेवटी पाणी हेच जीवन. एकही चूक नाही. मी काहीच बोलले नाही, नेहमीप्रमाणे जोडीदाराला पाठवलं. तिचे तीन प्रश्न : हे कुठे झालं? तुझ्यासोबत कोण होतं? शालू म्हणजे नक्की काय दिसलं?

तो थोडा वेळ गप्प, मग स्वतःच म्हणाला, "ताई, हे मोबाइलवरून तयार केलंय." ओरडायचं कशाला, त्याला कोणी रागावलं नाही. म्हटलं तुला पाऊस म्हटलं की कोणता आठवतो? तो म्हणाला, पुराचा.

२०२३ च्या २२ सप्टेंबरच्या रात्री जो पाऊस सुरू झाला आणि २३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन पाणी वस्त्यांमध्ये घुसलं, तो. तेव्हा हा १२ वर्षांचा, घर तळमजल्यावर. आज वर्गातच बसून लिहिलं : "आधी फ्रीज तरंगला. मला वाटायचं फ्रीज सगळ्यात जड असतो. आई म्हणून राहिली फोन वर ठेवा, फोन वर ठेवा, आणि बाबा माझी सायकल धरून उभे होते, सायकल काहून धरली ते त्यांना पण माहीत नव्हतं." पुढे दोन पानं आहेत. ती इथे उतरवत नाही, त्याची आहेत.

जोडीदारीण म्हणाली मला प्रश्न नाहीत. नियम तीनचा आहे, पण मी चालू दिलं.

मोबाइलवर निबंध तयार करून मिळतो म्हणून बरेच पालक घाबरलेत, बंदी घाला म्हणतात. मला बंदीपेक्षा हे तीन प्रश्न जास्त भरवशाचे वाटतात. तयार निबंधाला "कुठे, कोणासोबत" विचारलं की तो उत्तर देऊ शकत नाही, आणि मुलाला तिथेच कळतं की आपल्याकडे याहून भारी काहीतरी आहे.

१९ सप्टेंबर

बालभारतीच्या "किशोर" मासिकाचे जुने अंक, १९७१ पासूनचे, नेटवर फुकट वाचायला आहेत, त्यातले वाचून घेतले. आणि पोस्टकार्डं. ५० पैशांत अजूनही जातं यावर मुलांचा विश्वास बसेना. जागा एवढीशी, म्हणून काय गाळायचं ते आपोआप शिकतात. मस्कतवाल्याला ५० पैशाचं चालणार नाही, त्याने फोटोच पाठवला.

७ ऑक्टोबर

प्रतापनगरची मुलगी (वय १०) दसऱ्याला आईबाबांसोबत दीक्षाभूमीवर गेली होती. काम होतं अनोळखी माणसाला, आई-बाबा सोबत असताना, तीन प्रश्न विचारून यायचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. पण तिने लिहिलं ते मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेल्या एका आजींबद्दल, ज्यांनी पिशवीभर पुस्तकं घेतली होती आणि ज्यांना वाचता येत नव्हतं. तिने विचारलं मग कशाला घेतली, आजी म्हणाल्या, "नातीला वाचायला लावते अन् मी ऐकते." ही दोन वाक्यं तिने तिथेच हातावर पेनने लिहून घेतली होती, विसरू नये म्हणून, फोटो पण पाठवला हाताचा.

अमरावतीवाल्याचा प्रश्न होता, त्या कुठे झोपल्या? तिने विचारलंच नव्हतं. म्हणाली पुढच्या वर्षी विचारीन. हीच ती चार ओळींवाली मुलगी. आज साडेतीन पानं, वेलांट्या बऱ्याच चुकल्यात, आणि तिच्या आईने फोन करून सांगितलं की मी बघितल्या पण गप्प राहिले, कारण मी पण त्या आजींबद्दल लिहून राहिली होती आणि माझ्याकडून हाताची गोष्ट सुटली.

१७ ऑक्टोबर

दिवाळी अंक काढला. पीडीएफ, २४ पानं, वसुबारसेला सगळ्या आजी-आजोबांना गेला. आतापर्यंत दुरुस्ती म्हणजे कंटाळा होता, पण अंक छापल्यासारखा दिसणार म्हटल्यावर पोरं एकमेकांच्या मजकुरावर तुटून पडली, पुण्याच्या मुलीने तर मला माझ्या संपादकीयातलं "परंतू" दाखवलं, दीर्घ झालं होतं. मुखपृष्ठावर मस्कतचा झाकणाच्या चाकांचा बैल. कामठी रोडच्या मुलाने फुटाळ्याची गोष्ट शेवटी पूर्ण लिहून दिली, भुट्टेवाल्यासकट, आणि खाली त्याच्या बाबांनी चार ओळींचा खुलासा दिलाय की चाबी नेमकी कोणी ठेवली होती.

४ नोव्हेंबर

अंबाझरीच्या घरासोबत दहावीची बैठक. दोन-तीन पालक आणखी बसले, म्हणून मुद्दे नीट लिहून ठेवते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था म्हणजे एनआयओएस, दहावीला वय किमान १४, पाच विषय, त्यात एक तरी भाषा, मराठी घेता येते. एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षं चालतो आणि त्यात नऊ संधी, म्हणजे एका वेळी एक-दोन विषय देऊनही पूर्ण करता येते. लेखी असाइनमेंटला २० टक्के वजन. राज्य मंडळाची दहावी द्यायची असेल तर खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म, तारखा मंडळ जाहीर करतं त्या चुकवायच्या नाहीत. शिवाय राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ पण आहे. कोणतं घ्यायचं ते मुलाला पुढे काय करायचंय त्यावर, मी कोणत्याच बाजूने ओढलं नाही.

लेखनापुरतं बोलायचं तर राज्य मंडळाच्या कृतिपत्रिकेत पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन असतं. बातमी म्हणजे कुठे, कधी, कोण, काय, आणि ते प्रश्न पोरं जुलैपासून एकमेकांना विचारतायत. प्रसंगलेखनाला अंबाझरीवाल्याकडे पूर आहे. साचा, शब्दमर्यादा आणि वेळ याची तयारी मात्र वेगळी करावी लागेल, जानेवारीपासून फक्त मोठ्या दोघांसाठी शनिवारी.

२१ नोव्हेंबर

मस्कतवाला (वय ८) सगळ्यात लहान. मराठी बोलतो फर्डी, पण हाताने लिहायला त्रास होतो, घरी बाकी सगळं इंग्रजीतून. त्याला फोनवर बोलून टाइप करायला लावलं. मजकूर भराभर वाढला पण पूर्णविराम एकही नाही, सगळं एका दमात. मग त्याचं काम असं की ते मोठ्याने वाचायचं आणि जिथे श्वास घ्यावा लागेल तिथे थांबा टाकायचा, आणि रोज त्यातली तीन वाक्यं हाताने वहीत. बोलून लिहिणं म्हणजे पळवाट असं काही पालकांना वाटतं. मला नाही वाटत, आठव्या वर्षी गोष्ट आणि अक्षर दोन्ही एकाच वेळी ओढायला लावलं की पोरगं गोष्टच सोडतं.

९ डिसेंबर

पुढच्या सत्राचं ठरवलं. जोड्या बदलायच्या, कारण मनीषनगर आणि पुणे आता एकमेकींना इतक्या ओळखतात की "ते" म्हटलं की पलीकडे कळतं, कालच्या मसुद्यात पुण्यावालीने एकच प्रश्न विचारला. चार नवी मुलं येतायत, जळगाव, कोल्हापूर आणि चंद्रपूरची दोघं भावंडं. भावंडांना वेगवेगळ्या जोडीत टाकायचं, एकाच ताडपत्रीखालची आहेत दोघं. बारा झाले की एकत्र वाचन ४५ मिनिटांत होणार नाही, म्हणून दोन गट, आणि अंबाझरीचा मुलगा लहान गटाला मदत करायला तयार आहे, फी नको म्हणाला, मी त्याच्या शनिवारच्या तयारीची फी माफ केलीय.

आयांचा गट पण सुरू होतोय, प्रतापनगरवाल्या ताईंनीच काढला विषय. गुरुवारी रात्री ९, पोरं झोपल्यावर. नियम तेच, तीन प्रश्न, छान म्हणायचं नाही. पहिला विषय त्यांनीच ठरवला, आपल्या घरात नेहमी होणारी एखादी गोष्ट, जी कोल्हापूरच्या बाईला माहीत नसेल.